हौसामावशीचा रविवारचा पिक्चर

आमच्या लोणावळ्यात एक काळ असा होता, की केबलवर वाईट पिक्चर लागला की लोक खूश व्हायचे आणि चुकून चांगला लागला तर केबलवाल्याला फोन करून झापायचे. याचं सगळं श्रेय एका कूलरला द्यायला हवं. हौसामावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, बाजारातल्या एका गाळ्यात ब्लाउज शिवायची आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिच्या बरोबर डोक्यावर, माडीवर, दिगूकाकांची केबलची खोली होती. खोलीत दोन व्हीसीआर, वायरींचं जंजाळ, आणि यंत्रं तापू नयेत म्हणून एक पत्र्याचा कूलर. या कूलरचं पाणी फळ्यांच्या फटींतून थेंब थेंब खाली मावशीच्या गाळ्यात गळायचं. एका रविवारी दुपारी ते नेमकं एका नवरीच्या शालूवर गळलं. मावशी तशीच, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, जिना चढून वर गेली. दिगूकाका नुकतेच "उद्या नळाला पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा" अशी घोषणा करून डबा खायला बसले होते आणि माईक बंद करायला विसरले होते. पिक्चर चालू होता. त्या पिक्चरच्या वरून अख्ख्या गावाला हौसामावशीचा आवाज ऐकू आला.

आधी दिगूकाकांचा, त्यांच्या कूलरचा आणि त्यांच्या मागच्या पिढ्यांचा उद्धार झाला. मग तिची नजर समोरच्या टीव्हीवर गेली असावी, कारण ती एकदम थांबली. पडद्यावर हिरॉईन रडत रडत अंगणातून घरात पळत चालली होती. मावशी म्हणाली, "अगं बया, ही भाइर हुती तवा ब्लाउजचा गळा गोल हुता. उंबरा वलांडला तर चौकोनी झाला? दारात शिंपी बसवलाय का काय?" दिगूकाका तोंडात घास घेऊन हसल्याचा आवाज आला. मग ती बसलीच. पाऊण तास बसली. आम्ही घरी होतो. आमची दोन खोल्यांची जागा रेल्वे लाइनीपलीकडे, शेजारपाजारचे आठ-दहा जण आमच्या टीव्हीपुढे, आईने उकडलेल्या शेंगांचं पातेलं मध्ये ठेवलेलं. आईने आवाज ओळखला आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "आत्ता ग! ही तर हौसा." त्यानंतर पातेल्यातल्या शेंगा कुणाच्याच घशाखाली उतरेनात, माणसं ठसके लागून लागून हसत होती.

पुढच्या रविवारी दिगूकाकांचा फोन सकाळपासून वाजत राहिला. ती बाई आज बोलणार का? दिगूकाकांनी मावशीचे पाय धरले, कूलर दुसऱ्या भिंतीला हलवला, आणि मावशीने अट घातली, "येकटी बोलायला मी काय येडी हाय? माझ्या भाचीला संगं घेणार." मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मराठीची पुस्तकं वाचून वाचून मला स्वतःविषयी बरंच काही वाटत होतं. माझं काम सोपं होतं. मी भाबडा प्रश्न विचारायचा, मावशीने उत्तर द्यायचं. "मावशी, हा आत्ता कुठून आला?" "पाठीमागच्या पिक्चरमदनं आला, रस्ता चुकलाय त्यो." कार्यक्रमाला नाव कुणी ठेवलं नाही. लोकच म्हणायला लागले, मावशीचा पिक्चर.

त्या रविवारांपैकी माझे लाडके तीन. पहिला 'कुंकवाची करवत'चा. यात सासू सुनेला इतकी छळते की शेवटी देवालाच सुट्टी टाकून यावं लागतं. देव येतो तो चक्क बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली, आणि त्या पंख्याने देवाची दाढी एका बाजूने उडायला लागते. देव आशीर्वाद देत देत दुसऱ्या हाताने दाढी दाबून धरतो. मावशी शांतपणे म्हणाली, "दाढदुखी हाय बिचाऱ्याला. देव असला म्हणून काय झालं, दात त्यालाबी हायेत." त्या आठवड्यात गावातल्या दातांच्या डॉक्टरांना लोक देवाचे डॉक्टर म्हणू लागले. दुसरा 'नागोबाचा वकील'. नाव ऐकून तुम्हाला वाटेल की मी थट्टा करते आहे. नाही. एका नागावर खुनाचा आळ येतो, तो कोर्टात उभा राहतो आणि त्याचं वकीलपत्र एक तरुणी घेते. नाग म्हणजे सायकलची ट्यूब होती. एका प्रसंगात तो फणा काढतो तेव्हा हवा भरायचा व्हॉल्व स्पष्ट दिसतो. न्यायाधीश विचारतात, "आरोपीला काही सांगायचं आहे?" मावशी म्हणाली, "पंक्चर काढा म्हनतोय."

आणि तिसरा, माझा सर्वांत लाडका, 'बिनमुंडक्याची बायको'. हा भुताचा पिक्चर, आणि भुताच्या पिक्चरवाल्यांना आमच्या गावाचा का कोण जाणे भारी लळा. इथे धुकं फुकट मिळतं म्हणून असेल. पिक्चरमधली शापित हवेली कोकणात कुठेतरी आहे असं सांगितलं होतं, पण ती तुंगार्लीतला एका गुजराती कुटुंबाचा बंगला आहे हे पहिल्याच दृश्यात सगळ्यांना कळलं, कारण मागच्या दोरीवर रखवालदाराच्या बायकोचं हिरवं लुगडं वाळत होतं. हिरॉईन अंधाऱ्या जिन्याने एकेक पायरी चढते, वीज कडाडते, पडदा हलतो, ती किंकाळी फोडते. आणि मावशी आनंदाने ओरडली, "मंदे, त्यो पडदा मी शिवलाय! ती टीप बघ, हाय का कुटं वाकडी?" पुढे पडद्यातून मुंडकं नसलेली बाई बाहेर आली, तिने तिघांचा गळा दाबला, पण गावाचं लक्ष टिपेवर. दुसऱ्या दिवसापासून मावशीकडे पडदे शिवायला बंगलेवाले यायला लागले. आपल्याकडे भूत आलं तरी शिवण उसवू नये, एवढीच त्यांची अपेक्षा.

माझी भाची अलीकडे मला मोबाईलवर असले कार्यक्रम दाखवते. चार पोरं रंगीत खुर्च्यांवर बसतात, पिक्चर मध्येच थांबवतात, तोंडं वेडीवाकडी करतात, आणि लाखो लोक बघतात. मी हसते. नाही असं नाही. पण त्यांना पिक्चर थांबवावा लागतो. मावशीने कधी थांबवला नाही. ती चालत्या गाडीत चढायची आणि चालत्या गाडीतून उतरायची.

आमच्या घरात या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे भक्त होते अण्णा, माझे वडील. ते देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला होते, रोज सकाळी लोकलने जायचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चालणं असं की जणू मागून बँड येतोय. माणूस कमी बोलणारा. युनियनच्या सभेतसुद्धा ते दोनच वाक्यं बोलायचे, पण साहेबाच्या डोळ्यांत बघून. आमच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घराण्यात कुणी कुणाला वाकून जोहार घातलेला नाही, ही गोष्ट अण्णा दर जयंतीला आम्हांला सांगत. तेवढ्या शिस्तीत त्यांना एकच नाद होता, पिक्चरचा. तरुणपणी जयंतीच्या नाटकांत ते कामं करायचे; एकदा वकिलाचं काम केलं होतं, त्यातलं भाषण त्यांना म्हातारपणापर्यंत पाठ होतं. हसायचे मात्र उशिरा. विनोद झाला, सगळे हसून मोकळे झाले, शेंगांकडे वळले, की मग अण्णा एकदम "हॅ!" करून हसायचे, आणि त्यांच्या हसण्याला पुन्हा सगळे हसायचे.

आता तात्यासाहेब. पवनेच्या खोऱ्यातले मोठे बागायतदार, पण बाग आता कुठे उरली नव्हती. मुंबईच्या लोकांना डोंगरात बंगले हवे होते आणि तात्यासाहेबांकडे डोंगर होते. त्यांनी एक डोंगर विकला, मग त्याच्या शेजारचा विकला, मग त्यामागचा. तिसरा डोंगर गेल्यावर त्यांच्या मनाला हुरहुर लागली आणि त्यांनी मातीचं ऋण फेडायचं ठरवलं. म्हणजे पिक्चर काढला. नाव, 'डोंगर माझा बाप'. निर्माता तात्यासाहेब, कथा तात्यासाहेब, हिरो तात्यासाहेब. वय पंचावन्न, भूमिका कॉलेजात जाणाऱ्या तरुणाची. पिक्चर टॉकीजला तीन दिवस चालला, त्यातले दोन दिवस त्यांच्याच भावकीने काढले. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की गावात रविवारी मावशीचा पिक्चर म्हणून जे लागतं ते अख्खं मावळ बघतं. कशासाठी बघतं हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. तात्यासाहेबांनी आपल्या मेव्हण्याच्या हाती कॅसेट दिगूकाकांकडे पाठवली. सोबत पेढे. दिगूकाकांच्या केबलची खोली होती ती इमारत याच मेव्हण्याची. दिगूकाकांचा चेहरा पेढ्यासारखाच पिवळा पडला. ते म्हणाले, "हौसाताई, जरा बेतानं." मावशी म्हणाली, "मी कवा बेताभाइर गेलते?"

तो रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. पिक्चर सुरू झाला. डोंगराच्या कड्यावर तात्यासाहेब उभे, केसांना काळा रंग, अंगात लाल टी-शर्ट, हातात कॉलेजची वही. ते डोंगराला मिठी मारायला जातात आणि म्हणतात, "बा, तुला मी कधीच सोडून जाणार नाही." मी माझा भाबडा प्रश्न विचारला, "मावशी, हा डोंगर कुठला गं?" मावशीने चष्मा पुसला, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो दुसरा. पयल्यावर बंगलं झालं. ह्याच्यावर आता पवायचा तलाव चाललाय." आणि मग, अगदी सहज, फॉलला टाका घालावा तशी, "बाप इकला, आन् बापाच्या पैशात बापाचाच पिक्चर काढला. असा ल्योक कुनाच्या पोटी जन्मतो?" खाली बाजारात हशा उठला तो आम्हांला माडीवर ऐकू आला. दिगूकाका खुर्चीतून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मला स्फुरण चढलं. मावशीने एवढी मोठी टाळी घेतली, आता आपणही एक घ्यावी. भाबडे प्रश्न विचारून मी कंटाळले होते. पुढचा प्रसंग चावडीचा होता. हिरो शहरातून शिकून येतो, गाव त्याच्या दर्शनाला जमतं, आणि एक मळकं मुंडासं बांधलेला म्हातारा, डोक्यावर स्वतःच्याच चपला घेऊन, हिरोपुढे कमरेत वाकून जोहार घालतो. त्या प्रसंगात तात्यासाहेबांची मिशी ओठाच्या डाव्या बाजूने सुटून लोंबत होती आणि मागे छत्री धरून बसलेल्या कुणाची तरी सावली पडली होती. मावशी म्हणाली, "मिशी निम्मी रजेवर गेली. येवढं दिसत हुतं तर पुन्यांदा काढायचा की फोटो." पिक्चर जोडणाऱ्याला तो प्रसंग इतका आवडला होता, की त्याने तोच तुकडा तीनदा लावला होता. म्हातारा वाकला. पुन्हा वाकला. पुन्हा वाकला. मी म्हणाले, "मावशी, या म्हाताऱ्याच्या कमरेत बिजागरी बसवलीय का गं? मघापासून नुसता दारासारखा उघडतोय आणि मिटतोय!"

पुन्हा हशा. माझ्या आयुष्यातला मी मिळवलेला पहिला मोठा हशा तो. तो चालू असतानाच पडद्यावरच्या माणसाने मान वर केली. गालांना राख फासलेली होती. पण डावी भुवई मध्ये तुटलेली होती, डेपोत पेटीचा कोपरा लागून तुटली होती ती, आणि ते अण्णा होते.

मावशीने झटकन माईकवर हात ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, तिने पडद्याकडे पाहिलं, आणि पिक्चर आपला आपण, कुणाच्या मदतीशिवाय, पुष्कळ वेळ चालत राहिला. मग तिने हात काढला आणि हिरोच्या टी-शर्टाविषयी काहीतरी बोलली. कुणी हसलं नसावं.  माझ्या डोळ्यांपुढे आमची बाहेरची खोली होती, शेंगांचं पातेलं, शेजारपाजार, आणि मध्ये लोखंडी खुर्चीवर अण्णा.

घरी गेले तेव्हा दिवेलागण होत होती. शेजारी उठून गेले होते. पातेलं भरलेलंच होतं. आईने सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात केला होता, आणि ती भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा जास्त करत होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी ताटावर बसले पण हात पुढे जाईना. अण्णा म्हणाले, "बिजागरी. शब्द बरा काढलास." ते रागाने म्हणाले नाहीत, टोमणाही मारला नाही. एखाद्या कारागिराने दुसऱ्याचं काम बघून म्हणावं तसं म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर जेवण गेलं असतं.

आईच शेवटी बोलली. "कवा केलं हे काम तुमी? आन् का केलं?" अण्णा म्हणाले, "गेल्या हिवाळ्यात. पुण्याला मीटिंगला जातो म्हणालो, तवा. मला तलाठ्याचं काम सांगितलं हुतं. कागद वाचून दाखवायचा."  मग म्हणाले, "मला वाटलं ते कापून टाकतील. मिशी सुटलेली, सावली पडलेली. चांगल्या पिक्चरमध्ये कापतात."

बुधवारी तात्यासाहेबांचा मेव्हणा दिगूकाकांना पुढे घालून मावशीच्या गाळ्यात आला. मी तिथेच होते, गुंड्या लावत बसले होते. मेव्हण्याने चप्पल न काढता एक टाइप केलेला कागद मशीनवर ठेवला. येत्या रविवारी 'डोंगर माझा बाप' पुन्हा लावायचा, मध्ये एक शब्द बोलायचा नाही, आणि सुरुवातीला हा माफीनामा वाचायचा. कुणी? "ही पोरगी वाचंल. कालेजात शिकतीय ना, शुद्ध वाचंल." नाही वाचलं तर खोलीला कुलूप. मावशी मशीन चालवत राहिली. तो गेल्यावर तिने कागद उचलला, उलटा केला, आणि त्याच्या पाठीवर खडूने एका ब्लाउजचं माप लिहून घेतलं. पण खडू खाली ठेवताना तिने वर माडीकडे पाहिलं. खोली दिगूकाकांची भाकरी होती. त्यांच्या तीन मुली शाळेत होत्या. आपल्या जिभेची किंमत दुसऱ्याने भरायची, हे मावशीला कधी मानवलं नव्हतं. ती म्हणाली, "वाच मंदे. चार वळी हायेत. मराया न्हाई लागलीस."

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी कागद मागून घेतला, पेन काढून त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, आणि परत दिला. रविवारी मी निघाले तेव्हा अण्णा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "चल," म्हणाले.  चिक्कीच्या दुकानांपुढे मुंबईच्या गाड्या उभ्या होत्या, माणसं नमुन्याचे तुकडे चाखत या दुकानातून त्या दुकानात पोट भरत होती, आणि आम्ही दोघं त्यांच्यामधून वाट काढत चाललो होतो.

माडीवर दिगूकाका, मावशी आणि मेव्हणा. मेव्हणा पाय पसरून बसला होता. मी माफीनामा वाचला. शुद्ध वाचला. आवाज माझा वाटत नव्हता. पिक्चर सुरू झाला आणि आम्ही गप्प बसलो. दुसऱ्या डोंगराला मिठी झाली, कॉलेज झालं, एक गाणं झालं. मेव्हणा खूश झाला, टीव्ही नसलेल्या मागच्या टपरीवर चहा सांगायला म्हणून खाली उतरला. तो जिन्यावर असतानाच चावडी आली. अण्णांनी मावशीला विचारलं, "हौसा, हे बटण का?" आणि माईक स्वतःपुढे ओढला.

"नमस्कार," अण्णा म्हणाले. "आता जो मानूस वाकतोय तो मी हाय. देहूरोड डेपोत कामाला. मागल्या रविवारी माझ्या पोरीनं इचारलं, याच्या कमरेत बिजागरी हाय का. प्रश्न बरोबर हुता म्हणून उत्तर द्यायला आलोय." मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. पडद्यावर अण्णा वाकले. माईकपुढचे अण्णा ताठ बसून त्या वाकलेल्या माणसाकडे बघत होते. "मला तलाठ्याचं काम सांगून नेलं. तितं गेल्यावर म्हणाले, तलाठी दुसरा मिळाला, तुमी हे करा. चपला डोक्यावर घ्या. मी म्हणालो, हे आमी करत न्हाई. तर म्हणाले, अहो, अभिनय हाय. मेल्याचं काम करणारा काय मरतो? मला पिक्चरचा नाद. मला पटलं. पटलं म्हणजे पटवून घेतलं."

पडद्यावर ते दुसऱ्यांदा वाकले. "पयल्यांदा वाकलो तवा वाटलं, अभिनय. तिसऱ्यांदा मिशी निघाली. पाचव्यांदा शेळी आडवी आली. सातव्यांदा माझी कंबर धरली. नवव्यांदा पुन्हा मिशी निघाली, छत्रीची सावली आली. आन् त्या टायमाला एक जण हसून म्हणाला, ह्याला बघा कसं झ्याक जमतंय, रक्तातच हाय त्याच्या. कोण म्हणालं ते मी सांगत न्हाई. तुमाला आवाज ओळखू येईल. साऱ्या पिक्चरभर तोच बोलतोय." मावशीच्या नाकातून एक आवाज आला, हसण्याचा की कशाचा, सांगता येणार नाही. "ते म्हणाले, आणखी एक डाव घेऊ. मी डोक्यावरच्या चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या आन् तिकोणा पेठेच्या स्टँडवर येऊन यष्टी धरली. म्हणून हा सीन असा हाय. मागल्या रविवारी हौसा म्हणाली, मिशी सुटलेली दिसत हुती तर पुन्यांदा का काढला न्हाई. दहावा काढायला मानूस न्हवता, म्हणून."

तिसऱ्यांदा वाकून झालं. तात्यासाहेबांचं भाषण सुरू झालं, लोंबत्या मिशीनिशी. अण्णांनी विचारलं, "माझं काम संपलं का पिक्चरमधलं?" मावशी म्हणाली, "संपलं, दाजी." "मग बंद कर." आणि दिगूकाकांनी, तीन मुलींचा बाप असलेल्या त्या घाबरट माणसाने, मावशीच्या आधी हात पुढे करून व्हीसीआर बंद केला. साऱ्या गावाचे टीव्ही निळे झाले. एरवी एक क्षण चित्र गेलं की खोलीतला फोन बोंबलायला लागायचा. त्या दिवशी तो वाजला नाही. मेव्हणा चहाचे कप घेऊन वर आला आणि निळ्या पडद्याकडे बघत उभा राहिला. त्याला काय झालं ते कळायला खाली बाजारात जावं लागलं.

सोमवारी खोलीला कुलूप लागलं. दिगूकाकांनी महिन्याभरात स्टेशनजवळ दुसरी जागा बघितली. गावाने त्यांना सोडलं नाही, पण जागेच्या नव्या मालकाने पहिली अट घातली ती माईक नको. मावशीलाही गाळा सोडावा लागला. तिने मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं आणि पुढची कितीतरी वर्षं आम्ही टीव्ही मशीनच्या आवाजातच पाहिला. लोक ब्लाउज टाकायला यायचे आणि विचारायचे, मावशी, पुन्हा कधी? ती म्हणायची, "आता पिक्चर सुधारलेत. बोलायला काय ऱ्हायलं न्हाई." हे तिचं आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं. तात्यासाहेबांचं काही बिघडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी चौथा डोंगर विकला, निवडणूक लढवली, जिंकली. असं होतं. फक्त त्यांनी दुसरा पिक्चर काढला नाही, आणि प्रचाराच्या सभेत त्यांनी मिशीला हात लावला की मागच्या रांगेतून कुणीतरी खोकायचं.

मला वाटलं होतं अण्णांचा पिक्चरचा नाद आता सुटेल. पुढच्याच शुक्रवारी कामावरून आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि मावशीला आणि मला म्हणाले, "चला, टॉकीजला नवीन लागलाय." पिक्चर कुठला होता ते मला आता आठवत नाही, वाईटच होता. मावशी कुजबुजत होती, मी गप्प होते. त्या रविवारनंतर मला बरेच दिवस कुणाचीच टर उडवता आली नाही. मध्यंतरापूर्वी एक बाजाराचा प्रसंग आला. हिरो गुंडांना मारत होता, टोपल्या उडत होत्या, माणसं पळत होती. अण्णा माझ्याकडे वाकले आणि पडद्याच्या अगदी कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एक पाटीवाला खाली बसून, एवढ्या धुमश्चक्रीत, सांडलेली वांगी एकेक करून पाटीत भरत होता. कॅमेरा त्याच्याकडे नव्हता. त्याला कुणी तसं करायला सांगितलं असेल असंही वाटत नव्हतं.

"त्याला बघ," अण्णा म्हणाले. "किती झ्याक करतोय."